तुटण्यासाठीच बनवलेलं

शंकेखोर : सेंद्रिय पेरॉक्साइड 'सुरक्षित केलं' असं कोणी म्हणालं की मला आधी विचारावंसं वाटतं, म्हणजे नेमकं काय केलं? या मालाचा सगळा उपयोग त्याच्या तुटण्यात आहे. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे दीडशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. कार्बन-कार्बन बंधाला त्याच्या दुपटीहून जास्त लागते. कारखानदार पैसे मोजतो ते या कच्च्या दुव्यासाठी. तो तुटला की त्यातून मुक्त मूलकं सुटतात, ती व्हिनाइल क्लोराइडच्या किंवा स्टायरीनच्या रेणूंची साखळी गुंफायला घेतात, आणि आपल्याला पाइप मिळतो, केबलचं आवरण मिळतं, फायबरची होडी मिळते. दुवा पक्का करा, धोका जाईल. पण मग तो माल कोण कशाला विकत घेईल? त्यामुळे माझा संशय असा की धोका तेवढाच राहतो. तो एकाच्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवतात आणि त्याला सुरक्षितता म्हणतात.

उत्साही : दारातून दारात नेतात हे मला मान्य आहे. मी तर म्हणेन, या धंद्यातलं कसब तेच. पण आधी धोका कुठून येतो ते बघू, कारण 'अस्थिर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ठिणगी आणि धडाका एवढंच येतं. बहुतेक पेरॉक्साइडांचं संकट त्याहून संथ असतं. कॅनमध्ये पडून असतानाही ते कणाकणानं तुटत असतं, आणि प्रत्येक तुटण्यातून थोडी उष्णता निघते. ती कॅनच्या पत्र्यातून बाहेर गेली तर काही होत नाही. ती आत साठली तर माल तापतो, तापला की जास्त वेगानं तुटतो, म्हणून आणखी तापतो. दहा अंश वाढले की वेग तिप्पट-चौपट होतो. ओल्या गवताची गंजी बाहेरून गार दिसत असताना आतून पेटते, तसाच हा प्रकार. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव्ह यानं १९२८ च्या सुमारास याचं गणित मांडलं : उष्णता तयार होते ती सगळ्या आकारमानात, बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागावरून. कॅन जितका मोठा, तितका त्याच्या वाट्याला पृष्ठभाग कमी. म्हणून एकच रसायन पाच किलोच्या कॅनमध्ये निमूट बसतं आणि त्याच तापमानाला मोठ्या टाकीत अंगावर येऊ शकतं. यातून या धंद्यातला सर्वांत कामाचा आकडा निघाला. स्वप्रवेगी विघटनाचं तापमान, म्हणजे ज्या पॅकिंगमध्ये माल विकला जातो त्या पॅकिंगमध्ये सात दिवसांच्या आत तो आपोआप सुटू शकेल असं सर्वांत कमी तापमान. प्रत्येक मालाला हा आकडा असतो, आणि तो मालाच्या जोडीनं पॅकिंगचाही असतो.

शंकेखोर : आकडा कळला म्हणून धोका टळतो असं थोडंच आहे? बाजारातल्या एमईकेपी या पेरॉक्साइडचा, ज्याला आपल्याकडे फायबरच्या गाळ्यात नुसतं 'हार्डनर' म्हणतात त्याचा, हा आकडा साठ अंशांच्या आसपास आहे. कागदावर भरपूर वाटतो. बनवणारे सांगतात की माल पंचवीस अंशांखाली ठेवा. पंचवीस! चंद्रपूरला मे महिन्यात सावलीत पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, पत्र्याला टेकून ठेवलेल्या कॅनला काय सोसावं लागत असेल याचा विचार करा. तो साठवर पोचेलच असं मी म्हणत नाही. पण सूचना लिहिणारा ज्या खोलीत बसून लिहितो आणि माल ज्या खोलीत वापरला जातो, त्या दोन खोल्यांत वीस अंशांचा फरक आहे. तो फरक कोणी भरून काढायचा? आपल्या देशात स्फोटक आणि ज्वलनशील मालाच्या सुरक्षिततेचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. निदान तिथल्या साहेबांना तरी हे उन्हात जाऊन कळत असेल.

उत्साही : नागपूरच्या उन्हाचा तुमचा टोला बरोबर बसलाय. पण हाच हार्डनर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. एमईकेपी शुद्ध अवस्थेत कोणी विकत नाही, विकू शकत नाही. त्यात डायमिथाइल थॅलेटसारखं जड, न उडणारं द्रव मिसळलेलं असतं. त्याचं काम उष्णता पिऊन घेणं आणि रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवणं. किती मिसळलं यावर मालाची जात ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांत सेंद्रिय पेरॉक्साइडांच्या 'ए' ते 'जी' अशा सात जाती आहेत. 'ए' जातीचा माल पॅक करून रस्त्यावर आणायलाच बंदी, कारण तो पॅकिंगमध्येच धडाक्यानं फुटू शकतो. 'जी' इतका थंड स्वभावाचा की त्याला या वर्गाचे नियमच लागत नाहीत. आता एमईकेपी बघा. पातळ करणारं द्रव किमान अठ्ठेचाळीस टक्के असेल तर माल 'बी' मध्ये, पंचावन्न टक्के असेल तर 'डी' मध्ये, साठ टक्के असेल तर 'ई' मध्ये. रसायन तेच, त्याचा तो कच्चा दुवा तोच. बारा टक्के जास्त द्रवानं स्फोट होऊ शकणारा माल फार तर पेट घेणारा माल झाला. याला तुम्ही नुसती दाराची अदलाबदल म्हणाल?

शंकेखोर : ही सुधारणा मी मान्य करतो, आणि तरी तिला अदलाबदलच म्हणतो. पहिली गोष्ट, ते द्रव जातं कुठे? हार्डनर रेझिनमध्ये गेला की थॅलेटही रेझिनमध्ये गेलं. ते साखळीत गुंफलं जात नाही, वस्तूत तसंच अडकून राहतं आणि पुढे हळूहळू बाहेर येतं. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या पेस्टमध्ये वर्षानुवर्षं डायब्युटिल थॅलेट वापरलं गेलं. प्रजननक्षमतेवरच्या परिणामांमुळे युरोपनं २००८ मध्ये तेच थॅलेट अतिचिंतेच्या पदार्थांच्या पहिल्या यादीत टाकलं. मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरचा जीव वाचवण्यासाठी जे मिसळलं, त्याचा हिशोब गाळ्यात ब्रश मारणाऱ्या पोराच्या शरीरात लागला. दुसरी गोष्ट, मिसळलेलं मिसळलेलंच राहतं हे कशावरून? बेंझॉइल पेरॉक्साइड पाण्यानं ओलं ठेवून विकतात. पाव हिस्सा पाणी असेल तर ते बऱ्यापैकी वागतं. झाकण नीट लागलं नाही, माल महिनोन्‌महिने पडून राहिला, तर कडेला आणि झाकणाच्या आट्यांत पांढरी भुकटी जमते. ती कोरडी असते, आणि झाकण फिरवणं म्हणजे तिच्यावर घर्षण. तुमची सुरक्षितता डब्याच्या मधोमध असते आणि माणसाचा हात कडेला लागतो.

उत्साही : म्हणूनच पातळ करणाऱ्या द्रवालाही नियम आहेत. उडून जाणारं द्रव घालायचं नाही. एका जातीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू दीडशे अंशांच्या वर हवा, आणि त्याहून कमी असणारं द्रव चालवायचं असेल तर त्याचा उत्कलनबिंदू त्या मालाच्या विघटन तापमानापेक्षा किमान साठ अंशांनी वर हवा. म्हणजे माल तापला तरी संरक्षक आधी पळून जाणार नाही. हा नियम लिहिणाऱ्यांनी तुमचीच शंका आधी काढली होती. पाण्याबद्दल मात्र तुमचं खरं आहे. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका कारखान्यात पंचाहत्तर टक्क्यांचं ओलं बेंझॉइल पेरॉक्साइड वाळवून जवळपास शुद्ध करण्याचं काम चाललं होतं, आणि वाळवणी यंत्राचा स्फोट झाला. पण इथे बघा काय झालं : सुरक्षित माल विकत घेतला होता आणि सुरक्षितता मुद्दाम काढून टाकली जात होती, कारण पुढच्या गिऱ्हाईकाला कोरडा माल हवा होता. रसायनशास्त्राला त्यात काय दोष द्यायचा? आज बहुतेक जागी तोच माल पेस्टच्या ट्यूबमध्ये जातो. संगमरवर चिकटवणारा कारागीर मास्टिकमध्ये ट्यूबमधून चिमूटभर पेस्ट पिळतो, ती हीच. मुरमांच्या मलमात अडीच-पाच टक्के असतं ते हेच. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोरडी भुकटी चमच्यानं मोजली जायची तिथे आज ट्यूब आहे. यात कोणाच्या दारात काय गेलं?

शंकेखोर : ट्यूबबद्दल मी वाद घालणार नाही, ती चांगलीच आहे. पण तुम्ही सोपी उदाहरणं काढताय. जो माल खोलीच्या तापमानाला बसू शकतो त्याला पेस्ट करता येतं, पातळ करता येतं. पीव्हीसीवाल्यांच्या मालाचं काय? पेरॉक्सिडायकार्बोनेट हे नाव मी मुद्दाम घेतोय. पातळ केलं तरी त्यांना शून्याच्या बऱ्याच खाली, कित्येकांना उणे पंधरा-वीस अंशांना ठेवावं लागतं. तिथे सुरक्षितता मालात नाहीच. ती कॉम्प्रेसरमध्ये आहे, तारेमध्ये आहे, डिझेलच्या टाकीत आहे.

उत्साही : आणि ते का, हे लोकांना फारसं माहीत नसतं. पीव्हीसीचा दर्जा रिअ‍ॅक्टरच्या तापमानावर ठरतो. तापमान चढलं की साखळ्या आखूड होतात, कारण वाढणारी साखळी मोनोमरच्या सुट्या रेणूशी अणूची देवघेव करून तिथेच थांबते. पाइपसाठी लांब साखळ्या हव्या असतील तर रिअ‍ॅक्टर पन्नास-साठ अंशांच्या आसपासच चालवावा लागतो. म्हणजे साखळी सुरू करून देणारं रसायन पन्नास-साठ अंशांना ठरल्या वेगानं तुटणारं हवं. जे तिथे तुटतं ते तीस अंशांच्या गोदामात शांत बसेल ही अपेक्षाच चूक. केबलवाल्यांच्या डायक्युमिल पेरॉक्साइडला दहा तासांत निम्मं तुटायला शंभराच्या वरचं तापमान लागतं, म्हणून ते गोदामात गुपचूप असतं. पीव्हीसीवाल्याला ते चालणार नाही. तेव्हा थंडी ही हौस नाही, ती मालाची अट आहे. आणि त्या अटीभोवती वेळेची भिंत बांधलेली आहे. विघटन तापमान वीस अंश किंवा त्याहून कमी असेल, तर वाहतुकीत माल त्याच्या वीस अंश खाली ठेवायचा, आणि दहा अंश खाली पोचला की आणीबाणी समजून कामाला लागायचं. मधले दहा अंश म्हणजे हातात असलेले तास.

शंकेखोर : तास! टेक्सासमधल्या क्रॉस्बीला किती तास मिळाले ते आठवतंय? २०१७ चा ऑगस्ट. हार्वे वादळ २५ तारखेला किनाऱ्यावर आलं आणि पाऊस थांबेचना. ह्यूस्टनजवळच्या अर्केमा कंपनीच्या त्या कारखान्यात थंड पेरॉक्साइडांची गोदामं होती. पाणी चढलं, वीज गेली, जनरेटर पाण्यात गेले. मागे थांबलेल्या कामगारांनी पुराच्या पाण्यातून माल रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये हलवला. मग ट्रेलरही अडकले, आणि कामगारांना तिथून काढावं लागलं. ३१ तारखेच्या पहाटे पहिला ट्रेलर पेटला. पुढे आणखी दोन. उरलेले सहा ३ सप्टेंबरला मुद्दाम पेटवून द्यावे लागले, कारण ते केव्हा सुटतील हे कोणालाच सांगता येईना. साडेतीन लाख पौंडांहून जास्त माल, म्हणजे सुमारे एकशे साठ टन, जळाला. दीड मैलाच्या घेरातली दोनशेहून जास्त माणसं हलवली, आणि धुरात सापडलेल्या एकवीस जणांना औषधोपचार घ्यावे लागले. त्यात पोलीस होते. आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट : कारखाना पुराच्या पट्ट्यात येतो हे विमा कंपनीच्या अहवालात वर्षभर आधीच लिहिलेलं होतं. तुमची वेळेची भिंत विजेच्या तारेला टांगलेली होती. एक आधार गेला की दुसरा आहे असं सगळे म्हणत होते, आणि पुराच्या पाण्यानं सगळे आधार एकदमच बुडवले.

उत्साही : क्रॉस्बीची हकिगत मी कधी हलकी करून सांगत नाही. पण तुम्ही शेवटचा आकडा सांगितला नाहीत. एकशे साठ टन पेरॉक्साइड जळालं, आणि माणूस एकही दगावला नाही. आता १४ जुलै १९६४ चं टोकियो आठवा. कात्सुशिमाच्या गोदामात नायट्रोसेल्युलोजला आग लागली. आग विझवायला गेलेल्यांना शेजारच्या इमारतीत एमईकेपी आहे हे माहीत नव्हतं. ते ज्या रीतीनं ठेवलं होतं तसं ठेवायची परवानगीही नव्हती. स्फोट झाला आणि अग्निशमनाच्या कामावरचे एकोणीस जण गेले. दोन्ही ठिकाणी सगळं बिघडलं. मग फरक कशानं पडला? क्रॉस्बीचा माल पातळ केलेला, छोट्या पॅकिंगमध्ये, नऊ ट्रेलरमध्ये विखुरलेला आणि जमेल तितका बाकी इमारतींपासून दूर नेलेला होता. तो सुटला तेव्हा पेटला. एकदम फुटून गाव उडवलं नाही. कॉम्प्रेसर हरले, पण मालाच्या अंगची सुरक्षितता हरली नाही. म्हणून मी या धंद्यात दोन प्रकारची सुरक्षितता वेगळी धरतो. एक मालाबरोबर चालते : पातळपणा, पॅकिंगचा आकार, वाफ सोडणारं झाकण, दोन ढिगांमधलं अंतर. दुसरी माणसावर आणि यंत्रावर उभी असते : थंडी, गजर, कार्यपद्धती, पाळीचा सुपरवायझर. पहिलीवर जितकं जास्त ओझं टाकता येईल तितकं टाकावं, हेच गेल्या साठ वर्षांतलं शिक्षण.

शंकेखोर : ही विभागणी चांगली आहे, आणि आता मी तिच्यावरच बोट ठेवतो. पहिल्या प्रकारची सुरक्षितता मालाबरोबर चालते ती झाकण उघडेपर्यंत. पॅकिंगचा आकार हा तिचा भाग आहे असं तुम्हीच म्हणालात. गाळेवाला पाच किलोचे सहा कॅन विकत घेतो आणि जागा वाचावी म्हणून एका जुन्या ड्रममध्ये ओततो. झालं, सेम्योनोव्ह त्याच्या विरुद्ध गेला. ड्रमला आतून गंज असेल तर लोखंड विघटनाला हात देतं. झाकण घट्ट बसवलं तर वायू कोंडतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट तुम्ही टाळलीत : कोबाल्ट.

उत्साही : टाळली नाही, तिच्याकडेच येत होतो. कोबाल्ट ही या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती आहे. एमईकेपी एकटं खोलीच्या तापमानाला काम करत नाही. रेझिनमध्ये आधी कोबाल्टचा क्षार, म्हणजे एक्सलरेटर, मिसळायचा आणि नीट ढवळायचा. मग हार्डनर घातला की बंध खोलीतच तुटायला लागतात आणि होडीचा तळ कडक होतो. म्हणजे साठवण आणि वापर यांचं भांडण सोडवलं गेलं. साठवताना बेभरवशाचं नको, वापरताना चपळ हवं. दोन्ही एका मालात मागण्याऐवजी चपळाई दुसऱ्या बाटलीत ठेवली.

शंकेखोर : आणि दुसरी बाटली त्याच फळीवर ठेवली. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र आले तर काय होतं हे फायबरच्या कोणत्याही जुन्या कारागिराला विचारा. तो म्हणेल, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये, मग हार्डनर, दोन्ही कधीही एकत्र ओतायचे नाहीत. ही सूचना ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी युक्ती सुंदर आहे. नव्या पोराला दोन बाटल्या दिसतात, दोन्ही रेझिनमध्येच जायच्या, मग मोजायला एकच माप, एकच भांडं. हार्डनर सांडला तर तो लाकडाचा भुसा टाकून पुसतो, कारण तेल सांडल्यावर तेच करायचं असतं. तो भुसा कचऱ्याच्या डब्यात गुपचूप तापत राहतो. कोकणातल्या, गोव्यातल्या बंदरांवर आज लाकडाच्या होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या आल्यात. त्यांची डागडुजी किनाऱ्यावरच्या शेडमध्ये होते. तिथे एक हुशार रसायनशास्त्रज्ञ आणि दहा हुशार नियम असून उपयोग नाही. फळी एक आहे की दोन, एवढाच प्रश्न आहे. तुमचा धोका रेणूतून निघाला आणि कारागिराच्या फळीवर येऊन बसला.

उत्साही : मग तुमचं म्हणणं काय, वापरूच नये?

शंकेखोर : काही जागी, होय. तसं केल्याचं उदाहरण आहे. १६ जून १९५५ ला पोर्टलंड बंदरात 'सिडॉन' या ब्रिटिश पाणबुडीत हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या टॉर्पेडोचा स्फोट झाला आणि तेरा जण गेले. ब्रिटिश नौदलानं तो टॉर्पेडो सोडून दिला. स्थिरीकरण सुधारू, साहित्य बदलू, सूचना लिहू, असं सगळं म्हणता आलं असतं. त्यांनी वापरच थांबवला. रशियानं तसले टॉर्पेडो चालू ठेवले, आणि १२ ऑगस्ट २००० ला 'कुर्स्क' मध्ये त्याच प्रकारच्या टॉर्पेडोनं एकशे अठरा जणांसह पाणबुडी बुडवली. पंचेचाळीस वर्षं मध्ये गेली. नकार देणं हाही सुरक्षिततेचा एक प्रकार आहे, आणि तो तुमच्या यादीत नव्हता.

(हायड्रोजन पेरॉक्साइड सेंद्रिय नव्हे आणि पाणबुडी कारखाना नव्हे, इथे वाद थोडा रुळावरून घसरला. पण पुढचं उत्तर त्यातूनच निघालं, म्हणून तो भाग ठेवला आहे.)

उत्साही : नौदलाला विजेवर चालणारा टॉर्पेडो मिळत होता, म्हणून नकार देता आला. शिवाय तेच हायड्रोजन पेरॉक्साइड कापड आणि कागद विरंजनासाठी टँकरमधून रोज रस्त्यावर असतं. आपल्याकडे कल्याणला ते कित्येक दशकं बनतंय. त्यात टिनचे आणि फॉस्फेटचे क्षार अगदी थोडे घालतात, ते धातूंचे भटके कण पकडून ठेवतात. टाकीच्या धातूवर संस्कार करून त्याचा पृष्ठभाग निष्क्रिय करतात. एवढ्यावर ते वर्षभर जवळजवळ तसंच राहतं. संहतीचा फरक आहे, वापराचा फरक आहे. फायबरच्या आणि पीव्हीसीच्या धंद्यात नकार द्यायचा तर बदली काय? अ‍ॅझो संयुगं आहेत, पण तीही आपोआप तुटणारीच, त्यांनाही थंडी लागते, आणि त्यातल्या नेहमीच्या संयुगातून तुटताना विषारी नायट्राइल निघतं. अतिनील किरणांनी कडक करणं आहे, पण जाड थरात प्रकाश पोचत नाही. हा वाद इथे अडतो खरा. माझ्या दृष्टीनं पुढची वाट नकाराची नाही, कमी साठवण्याची आहे. ट्रेव्हर क्लेट्झ हा ब्रिटिश अभियंता १९७४ च्या फ्लिक्सबरो स्फोटानंतर हेच सांगत फिरला : माल जपण्याच्या युक्त्या शोधण्याआधी तो एवढा हवाच कशाला ते विचारा. फ्लिक्सबरोला अठ्ठावीस माणसं गेली होती, कारण टनावारी तापलेलं सायक्लोहेक्सेन एकाच वेळी यंत्रात होतं. आज पेरॉक्साइड बनवण्याचे बारीक नळ्यांचे सतत चालणारे रिअ‍ॅक्टर आहेत. त्यात कोणत्याही क्षणी अगदी थोडा माल असतो आणि नळीला पृष्ठभाग भरपूर, म्हणजे सेम्योनोव्हचं गणित आपल्या बाजूनं. पीव्हीसीच्या रिअ‍ॅक्टरमध्ये सगळं सुरुवातीला ओतण्याऐवजी थोडं थोडं घालत राहण्याची पद्धत आहे; त्यानं उष्णता पूर्ण पाळीभर वाटली जाते.

शंकेखोर : हे सगळं मला पटतं. मला नेमकं तेच सतावतं. नळीचा रिअ‍ॅक्टर, सतत मोजून घालणं, विखुरलेली थंड गोदामं, उडून जाणाऱ्या भिंती, पाण्याचा मारा हे परवडणारा कारखाना मोठा असतो. त्याच्याभोवती सहसा मोकळी जागाही असते. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याच्याकडे शेजारी असतात. २३ मे २०२४ ला दुपारी डोंबिवली एमआयडीसीत पेरॉक्साइड हाताळणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. दहाहून जास्त माणसं गेली, साठहून जास्त जखमी झाली, आणि आसपासच्या इमारतींच्या काचा दूरदूर फुटल्या. त्याआधी २६ मे २०१६ ला त्याच शहरात दुसऱ्या एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन बारा जण गेले होते. दोन्ही मे महिने. मी उन्हाला दोष देत नाही, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. मी अंतराला दोष देतो. तुमच्या पहिल्या प्रकारच्या सुरक्षिततेत 'दोन ढिगांमधलं अंतर' होतं. कारखाना आणि स्वयंपाकघर यांच्यातलं अंतर मोजायचं राहिलं. वसाहत आधी आली की कारखाना, हा वाद वकिलांसाठी ठेवू. आज दोन्ही एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून आहेत. आणि कायदा मोठ्या कारखान्याला धरतो. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत साठ्याचे उंबरठे टनांत मोजलेले आहेत. फायबरच्या गाळ्यात पाच-पंचवीस किलो. तो उंबरठ्याच्या खालून आत-बाहेर करतो आणि कोणाच्या नजरेला पडत नाही.

उत्साही : अंतराचं मला मान्य करावंच लागेल. माझ्या सगळ्या युक्त्या पॅकिंगच्या आत आहेत, आणि पॅकिंगच्या बाहेर किती मोकळी जमीन असावी हे पॅकिंग ठरवू शकत नाही. पण तुम्हीही एक मान्य करा. डोंबिवलीतून कारखाने हलवण्याची चर्चा २०२४ च्या आधीही झाली आणि नंतरही. समजा ते सगळे हलले. जिथे जातील तिथे दहा वर्षांत रस्ता जाईल, रस्त्यामागे चाळी, चाळींमागे टॉवर. अंतर एकदा राखून संपत नाही, ते रोज राखावं लागतं. म्हणजे तेही दुसऱ्या प्रकारातच गेलं, माणसांवर उभं असलेलं. उलट पातळ केलेल्या कॅनला कोणी राखावं लागत नाही. म्हणून माझा हट्ट तिथेच आहे : अंतर आज ना उद्या कमी होणार हे धरूनच माल बनवा. गर्दीच्या वस्तीत 'डी' हून जास्त धोक्याची जात ठेवूच देऊ नका, मग तो कितीही चांगल्या गोदामात असो.

शंकेखोर : आणि थंड माल?

उत्साही : थंड माल… नाही, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पीव्हीसी हवं असेल तर तो लागणार, आणि तो असेल तिथे कोणाला तरी रात्री जागावं लागणार. तो वस्तीत नसावा, एवढंच मी म्हणू शकतो.

शंकेखोर : मग माझंही थोडं बदललं असं लिहा. आधी मी म्हणत होतो की धोका फक्त दारं बदलतो. आता म्हणेन की काही दारांत तो लहान होऊन पोचतो, आणि ते तुमच्यासारख्यांचं श्रेय आहे. पण शेवटच्या दारात तो पोचतो तेव्हा बरोबर माहिती येत नाही. आकडा इंग्रजीत, बारीक अक्षरात, फाटलेल्या लेबलवर. रिफिल केलेल्या कॅनवर तर तेही नाही. पाच किलोच्या कॅनवर मराठीत तीन ओळी छापायला कोणत्या संशोधनाची गरज आहे? कोबाल्टजवळ ठेवू नका. दुसऱ्या भांड्यात ओतू नका. सांडल्यास भुसा टाकू नका.

उत्साही : छापता येतील. पण त्या वाचून फळी बदलेल का, ते छपाईवर ठरणार नाही.

शंकेखोर : नाही ठरणार. पण त्या छापल्या नाहीत तर फळी बदलायला हवी हे गाळ्यातल्या पोराला कळायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. ज्यांच्या गाळ्यात हे दोन कॅन आज एका फळीवर आहेत, त्यांनी छपाईची वाट न बघता कोबाल्ट उचलून दुसऱ्या कपाटात ठेवावा, आणि हार्डनर उन्हाच्या भिंतीपासून दूर.